आयडिया तुमची, नाव कुणाचं?

'टीमवर्क' म्हटलं की सगळेच टाळ्या वाजवतात. पण पेटंटच्या फॉर्मवर नावं लिहायची वेळ आली की टीम अचानक छोटी होते. ऑफिसात लागलेला शोध नक्की कुणाचा? त्याचा मालक कोण? आणि यादीतून तुमचंच नाव गाळलं गेलं, तर करायचं काय?

रात्रीचे साडेअकरा. मोबाइल वाजला. पलीकडे माझी कॉलेजपासूनची मैत्रीण.

"झोपलीस का गं?"

"हो. म्हणजे, आता नाही."

"माझं नाव नाहीये त्यात."

ही पुण्यात वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंजिनीअर आहे. ऑफिस बालेवाडीत, वर्कशॉप भोसरीत, टीम सहा जणांची. दीड वर्षं या मंडळींना एकाच गोष्टीचा ध्यास लागला होता. सलाइनच्या नळीला लावायची एक चिमुकली क्लिप! थेंब पडायचे थांबले की नर्सच्या टेबलावर दिवा लागणार. ऐकायला साधं, पण क्लिप काही केल्या दाद देईना. वॉर्डातली खिडकी उघडली, नळीवर ऊन आलं की सेन्सर गोंधळायचा आणि उगाचच दिवा पेटवायचा.

मग एका रविवारी घरी भांडी घासता घासता माझ्या मैत्रिणीच्या डोक्यात आलं, की एकाऐवजी दोन सेन्सर तिरके बसवू आणि दोघांच्या रीडिंगमधला फक्त फरक मोजू. ऊन दोघांवर सारखंच पडणार, म्हणजे वजाबाकीत ते उडून जाणार. सोमवारी तिने ते करून पाहिलं आणि क्लिप चालायला लागली. ऑफिसात पिझ्झा आला, बॉसने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, फोटोबिटो झाले.

महिन्याभराने तिच्या मेलबॉक्समध्ये पेटंट अर्जाचा ड्राफ्ट येऊन पडला, 'तुमच्या माहितीसाठी' म्हणून. संशोधक या रकान्यात तीन नावं. तिचा बॉस, बॉसचा बॉस आणि कंपनीत पैसे घातलेले डायरेक्टर.

"पेटंट कंपनीचंच असणार, हे मला माहितीये. पैसेही नकोत. पण माझं नाव?"

मी मासकॉमवाली. पेटंट म्हणजे काहीतरी शास्त्रज्ञांचं प्रकरण, इतपतच माझी अक्कल. पण मैत्रिणीची झोप उडाली होती, आणि त्या रात्री माझीही. दुसऱ्या दिवसापासून मी वकील, पेटंट एजंट आणि कोर्टाचे निकाल यांच्या मागे लागले. हाती जे आलं ते इंजिनीअरांच्याच नाही, तर ऑफिसात डोकं चालवून पगार घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

आधी फंडा क्लिअर करू

गोंधळाचं मूळ एकच. आपण दोन वेगळे प्रश्न एकात कालवतो. शोध कुणी लावला, हा पहिला प्रश्न. शोधाचा मालक कोण, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फक्त घडलेल्या गोष्टींवर ठरतं. ते करारात लिहून बदलता येत नाही, सिनिऑरिटीने बदलत नाही आणि कॅबिनच्या आकारावर तर मुळीच ठरत नाही. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात 'खरा आणि पहिला संशोधक' असा शब्दप्रयोग आहे. हा संशोधक हाडामांसाचा माणूसच असावा लागतो. कंपनी अर्ज करू शकते, मालक होऊ शकते, पण शोध लावू शकत नाही! म्हैसूर हायकोर्टाच्या एका जुन्या आणि आजही सांगितल्या जाणाऱ्या निकालात तर स्पष्टच म्हटलंय, की नुसता पैसा पुरवणारा भागीदार हा संशोधक ठरत नाही.

म्हणजे डायरेक्टरसाहेबांचं नाव तिथेच निकालात निघालं.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे मालकीचं उत्तर मात्र कागदांवर ठरतं. ऑफर लेटर, नोकरीचा करार, हस्तांतराचा दस्तऐवज. तुमचं नाव संशोधक म्हणून असूनही पेटंट पूर्णपणे कंपनीचं असू शकतं. बहुतेक ठिकाणी असतंच. आपल्या कायद्यात हेही लिहून ठेवलंय, की संशोधक म्हणून नाव आल्याने पेटंटवरचा हक्क वाढत नाही आणि कमीही होत नाही.

मग नावाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याने एकदा आपला बायोडाटा उघडून बघावा. नोकरी बदलताना, परदेशी शिकायला जाताना, व्हिसासाठी पुरावे जोडताना पेटंटवरचं नाव ही आयुष्यभराची गोष्ट आहे. कंपनी बंद पडली तरी ते नाव पुसलं जात नाही.

डोकं कुणाचं चाललं?

टीममधल्या सहा जणांपैकी संशोधक नक्की कोण? आपल्या कायद्यात 'संयुक्त संशोधक' कुणाला म्हणायचं याची सविस्तर व्याख्या नाही. अमेरिकी कोर्टांनी मात्र हा प्रश्न अनेक वर्षं घासूनपुसून लख्ख केलाय, आणि आपले पेटंट एजंटही बऱ्याचदा तीच फूटपट्टी वापरतात.

ती अशी. पेटंट अर्जाच्या शेवटी 'क्लेम्स' असतात. क्रमांक घातलेली ही वाक्यं म्हणजे शोधाची हद्द, जमिनीच्या सातबाऱ्यासारखी. या क्लेम्समध्ये जे नवं आहे त्याची पक्की, पूर्ण कल्पना ज्याच्या डोक्यात तयार झाली तो संशोधक. 'पूर्ण' म्हणजे इतकी, की पुढे फक्त नेहमीच्या कौशल्याने ती वस्तू बनवणं उरलं पाहिजे. एखाद्याने एकाच क्लेममध्ये खरी भर घातली असली तरी तो संयुक्त संशोधक ठरतो. सगळ्यांचं योगदान सारखं असायची गरज नाही, सगळे एका खोलीत बसलेले असायचीही नाही.

आणि कोण ठरत नाही? ही यादी वाचताना थोडं दुखेल. 'हा प्रॉब्लेम सोडवा रे' म्हणणारा बॉस. बजेट मंजूर करणारा. मीटिंग बोलावणारा. सांगितल्याप्रमाणे सर्किट जोडणारा. आणि महिनोन्महिने टेस्टिंग करणारा!

शेवटचं मला पटेना. पण उदाहरण मोठं आहे. एड्सवरच्या एझेडटी या औषधाचं. बरोज वेलकम कंपनीच्या शास्त्रज्ञांना वाटलं, की हे जुनं रसायन एचआयव्हीवर चालेल. त्यांनी ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या, म्हणजे एनआयएचमधल्या शास्त्रज्ञांकडे तपासायला पाठवलं. त्यांनी दाखवून दिलं, की खरंच चालतं. पुढे वाद झाला, की मग तेही संशोधक नाहीत का? १९९४ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने सहापैकी पाच पेटंटांबाबत 'नाही' असं सांगितलं. कल्पना आधीच पूर्ण झालेली होती, चाचणीने फक्त तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. सहाव्या पेटंटाचा प्रश्न मात्र कोर्टाने पुन्हा तपासायला खाली पाठवला.

हीच गत माहिती पुरवणाऱ्याची. अँजिओप्लास्टीसाठी लागणाऱ्या फुग्याच्या नळीवर काम करणाऱ्या दोन डॉक्टरांना एका कंपनीच्या इंजिनीअरने सांगितलं, की आमचं हे प्लास्टिक वापरून बघा, हे असं तापवा, असं आकसवा. तेच प्लास्टिक उपयोगी पडलं. पण १९९७ साली कोर्ट म्हणालं, की त्याने बाजारात आधीच असलेली माहिती दिली, शोध लावला नाही. म्हणजे तुमच्या व्हेंडरने सुचवलेला पार्ट कितीही कामाचा ठरला, तरी त्याचं नाव येईलच असं नाही.

मी मैत्रिणीला फोन करून हे सांगितलं. ती खूश! दोन सेन्सर, तिरके, फरक मोजायचा, हाच तर पहिला क्लेम होता. पण लगेच तिचा आवाज पडला. "अगं, म्हणजे टेस्टिंगवाल्याचं नाव नाही येणार? रात्र रात्र वॉर्डात बसायचा तो."

नाही येणार. त्याला आभार, बोनस, बढती, सगळं द्यावं. पण संशोधक हे मानधन नाही, वस्तुस्थिती आहे.

एक नाव विसरलं आणि...

बॉसमंडळी म्हणतील, एखादं नाव राहिलं तर राहिलं, कुणाचं काय बिघडतं? त्यांना ही गोष्ट ऐकवा.

अमेरिकेतले एक डॉक्टर इनबे यून. दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियेसाठी पोटाला छिद्र पाडणारं उपकरण, ट्रोकार, यावर ते काम करत होते. जोडीला यंग जे चोई नावाचा इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियन. पदवी नाही, पगार नाही, पण सुमारे दीड वर्षं त्याने डॉक्टरांसोबत डोकं लावलं. १९८५ साली पेटंट मिळालं, एकट्या डॉक्टरांच्या नावावर. पुढे एथिकॉन कंपनीने त्या पेटंटाचे हक्क घेतले आणि यू. एस. सर्जिकल या स्पर्धक कंपनीवर खटला ठोकला.

स्पर्धकाने काय केलं असेल? चोईला शोधून काढलं! त्याच्याकडून थेट लायसन्स घेतलं आणि कोर्टाला सांगितलं, की हाही संशोधक आहे, याचंही नाव घाला. कोर्टाने तपासलं. ५५ क्लेम्सपैकी फक्त दोनांमध्ये चोईचं योगदान दिसलं. पण तेवढं पुरेसं होतं. संयुक्त संशोधक ठरला, त्याने आपला हिस्सा कुणाला लिहून दिलेला नव्हता, म्हणून तो अख्ख्या पेटंटचा सहमालक झाला, आणि सहमालक खटल्यात सामील व्हायला तयार नाही म्हटल्यावर १९९८ साली एथिकॉनचा खटला फेटाळला गेला. एक टेक्निशियन गाळला, आणि पेटंट असूनही हातात काही उरलं नाही.

आपल्याकडे नियम थोडा वेगळा आहे. भारतात सहमालकाला स्वतःपुरतं पेटंट वापरता येतं, पण बाकीच्यांच्या संमतीशिवाय तो लायसन्स देऊ शकत नाही किंवा हिस्सा विकू शकत नाही. तरी धडा तोच. नाव गाळलं तर पेटंट कच्चं राहतं. उगाच घुसडलं तरी वादाला दार उघडं राहतं.

आणि हे छोट्या माणसांच्याच बाबतीत होतं असं नाही हं. जपानचे तासुकू होंजो यांना कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीच्या कामासाठी २०१८ साली नोबेल मिळालं. त्यांच्या नावावरच्या काही अमेरिकी पेटंटांवर गॉर्डन फ्रीमन आणि क्लाइव्ह वुड या दोघांचीही नावं हवीत, असा निकाल २०१९ साली लागला आणि २०२०मध्ये वरच्या कोर्टानेही तो उचलून धरला. तिघांनी एकत्र काम केलं होतं, नमुने आणि माहितीची देवाणघेवाण केली होती. नोबेल एका जागी, संशोधकांची यादी दुसऱ्या जागी.

ऑफर लेटरचं सातवं पान

आता मालकी. खरं सांगा, तुमचं ऑफर लेटर तुम्ही पूर्ण वाचलंय? सीटीसी, जॉइनिंग डेट, नोटीस पिरियड, आणि मग थेट सही. बरोबर ना? मीही नोकरीत होते तेव्हा हेच केलं होतं.

गंमत म्हणजे नोकरदाराच्या शोधाचा मालक कोण, यावर भारताचा पेटंट कायदा वेगळं काही सांगतच नाही. ब्रिटन, जपानमध्ये त्यासाठी स्वतंत्र कलमं आहेत. आपल्याकडे सगळी भिस्त करारावर. संशोधकाने आपला हक्क कंपनीच्या नावे लेखी करून द्यावा लागतो, आणि अर्जासोबत किंवा त्यानंतर सहा महिन्यांत कंपनीला तो पुरावा पेटंट ऑफिसात द्यावा लागतो. म्हणजे सही करायला कागद तुमच्यासमोर येतोच. तोच क्षण नीट वाचायचा.

शब्द किती महत्त्वाचे असतात बघा. मार्क होलोडनी नावाचे संशोधक १९८८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लागले. करारात लिहिलं होतं, 'मी हक्क देण्याचं मान्य करतो'. पुढे एक तंत्र शिकायला ते सीटस या कंपनीत जाऊ लागले. तिथल्या कागदावर होतं, 'मी याद्वारे हक्क देत आहे, आणि देईन'. त्यांनी तोही सही करून टाकला. रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजायच्या पद्धतीवर पेटंट आलं, सीटसचा तो व्यवसाय रोश कंपनीने घेतला, आणि भांडण पेटलं. २००९ साली कोर्टाने सांगितलं, की पहिलं नुसतं वचन, दुसरं प्रत्यक्ष देणं. देणाऱ्याने एकदा दिलं, मग वचन कशाचं पाळणार? २०११ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातही स्टॅनफर्ड हरलं. व्हिजिटरच्या रजिस्टरसारखी वाटणारी एक सही, आणि विद्यापीठाने पेटंटावरचा एकट्याचा हक्क गमावला!

'ऑफिसनंतर केलेलं माझंच' असं समजणाऱ्यांसाठी बाहुल्यांची गोष्ट. कार्टर ब्रायंट बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीत डिझायनर होता. मोठे डोळे, मोठं डोकं आणि फॅशनेबल कपडे अशा ब्रॅट्झ बाहुल्यांची कल्पना त्याने एमजीए या दुसऱ्या कंपनीला दिली आणि २००१पासून त्या धडाधड खपल्या. मॅटेल म्हणाली, आमच्या नोकरीत असताना सुचलं, म्हणजे आमचं. तो म्हणाला, मला १९९८ साली सुचलं, तेव्हा मी नोकरीत नव्हतोच. २००८ साली ज्युरीने मॅटेलला दहा कोटी डॉलर द्यायला सांगितले. २०१०मध्ये वरच्या कोर्टाने ते फिरवलं. करारात 'शोध' होता, पण 'आयडिया' त्यात येते का? 'नोकरीच्या काळात' म्हणजे रात्री आणि शनिवार-रविवारीसुद्धा का? कोर्टाच्या मते हे करारातून स्पष्ट होत नव्हतं. २०११ साली नव्या ज्युरीने एमजीएच्या बाजूने कौल दिला. दोन-तीन शब्दांसाठी सात वर्षांची लढाई!

माझी मैत्रीण भांडी घासताना सुचलेल्या आयडियावर याच कारणाने थोडी स्वप्नं रंगवायला लागली होती. "रविवार होता गं!" पण तिचं कामच ते, प्रॉब्लेम कंपनीचा, सोमवारी प्रयोग कंपनीच्या सेन्सरवर, आणि करारात लख्ख लिहिलेलं. मालकी कंपनीचीच. रविवार बिचारा उगाच बदनाम.

नाव मिळालं. पैशाचं काय?

पैशाच्या प्रश्नावर जगातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे शुजी नाकामुरा. जपानच्या एका लहान गावातल्या निचिया कंपनीत हा इंजिनीअर कामाला. निळा एलईडी कुणालाच धड जमत नव्हता, त्याने जमवला. १९९३ साली कंपनीने तो बाजारात आणला. आज तुमच्या घरातला पांढरा एलईडी दिवा आणि मोबाइलच्या स्क्रीनचा उजेड याच शोधावर उभा आहे. एका महत्त्वाच्या पेटंटासाठी कंपनीने त्याला किती बक्षीस दिलं असेल? २० हजार येन. जेमतेम दोनशे डॉलर!

२००१ साली त्याने कंपनीला कोर्टात खेचलं. पेटंट कंपनीचंच, असं कोर्टाने सांगितलं, पण २००४ साली 'योग्य मोबदला' म्हणून २० अब्ज येन द्यायचा आदेश दिला. सगळ्या जपानी उद्योगाला घाम फुटला. २००५ साली वरच्या कोर्टात सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ साली नाकामुरांना इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासोबत फिजिक्सचं नोबेल मिळालं. आणि जपानने २०१५ साली कायदा बदलून कंपन्यांना मुभा दिली, की आधी ठरवून ठेवलं तर शोध पहिल्यापासूनच कंपनीचा.

ब्रिटनचे इयन शँक्स यांची गोष्ट जरा घरगुती आहे. १९८२ साली युनिलिव्हरसाठी काम करताना त्यांनी रक्तातली साखर मोजणाऱ्या उपकरणाचा पहिला नमुना घरीच बनवला. मुलीच्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपच्या काचा, प्लास्टिकची फिल्म आणि कागदाच्या क्लिपा वापरून! कंपनीला त्या पेटंटांतून सुमारे २ कोटी ४० लाख पौंड मिळाले. शँक्स यांनी २००६ साली अर्ज केला, एकेक पायरी हरत गेले, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना २० लाख पौंड मंजूर केले. तेरा वर्षं लागली.

भारतात असा 'विशेष मोबदला' मागायचा सोपा रस्ता पेटंट कायद्यात नाही. म्हणून आपल्याकडे जे काही मिळवायचं ते कंपनीच्या पॉलिसीतून. अनेक कंपन्या अर्ज भरल्यावर आणि पेटंट मिळाल्यावर ठरावीक रक्कम देतात. तुमच्याकडे आहे का असली पॉलिसी? एचआरला विचारायला लाजू नका.

कोडवाले, डिझाइनवाले आणि आम्ही फ्रीलान्सर

हिंजवडी-खराडीची जनता म्हणेल, आमचा पेटंटशी काय संबंध? बरोबर आहे. आपल्याकडे निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. पण कोड, लेख, प्रेझेंटेशन, लोगो यांना १९५७चा कॉपीराइट कायदा लागू होतो, आणि तिथला नियम उलटा आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनीच, वेगळा करार नसेल तर. वेगळी सही लागत नाही. मात्र 'हे मी लिहिलं' असं सांगायचा लेखकाचा हक्क हा मालकीपेक्षा वेगळा आहे आणि तो मालकी गेल्यावरही राहतो.

फ्रीलान्सरचं मात्र वेगळं. आम्ही नोकर नाही, म्हणून लेखी करून दिलं नाही तर लेखाचे हक्क आमचेच. हे मला कधी कळलं? माझा एक लेख माझ्या नावाशिवाय दुसऱ्याच पुस्तिकेत छापलेला दिसला तेव्हा. विचारलं तर उत्तर आलं, "पैसे दिले होते ना?" पैसे एकदा छापण्याचे दिले होते! करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, हे मी आता पाठच करून ठेवलंय. (फोटोग्राफर मित्रांनो, सावधान! पैसे घेऊन ऑर्डरप्रमाणे काढलेल्या फोटोचा पहिला मालक सहसा ऑर्डर देणारा असतो.)

आणि ज्यांना वाटतंय की आता सगळं एआयच सुचवतं, त्यांच्यासाठी एकच ओळ. डाबस नावाच्या एआयला संशोधक मानायला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ साली नकार दिला. अमेरिकी कोर्टाने तो २०२२ सालीच दिला होता. तेव्हा एआयने कितीही मदत करू दे, तुमच्या डोक्याने काय भर घातली हे तुम्हालाच दाखवावं लागणार.

चौकट : आजपासून करा!

• सुचलेलं लिहून ठेवा, तारखेसह. वही, मेल, काहीही चालेल. 'मी मीटिंगमध्ये बोलले होते' याला पुरावा लागतो.

• मीटिंगनंतर दोन ओळींचा मेल टाका. 'आज ठरल्याप्रमाणे मी सुचवलेली अमुक पद्धत करून बघतेय'. भांडण नाही, नोंद.

• ऑफर लेटरमधलं शोध आणि कॉपीराइटचं कलम वाचा. 'नोकरीच्या काळात' की 'नोकरीच्या कामातून', फरक मोठा आहे.

• स्वतःचा साइड प्रोजेक्ट असेल तर कंपनीचा लॅपटॉप, मेल आणि वेळ वापरू नका. जॉइन होण्याआधीच्या आयडियांची यादी करारालाच जोडून द्या.

• पेटंट अर्जात नाव नसेल तर आधी बॉसशी आणि पेटंट एजंटशी बोला. नाहीच जमलं तर पेटंट मिळण्याआधी पेटंट ऑफिसकडे ठरलेल्या फॉर्मवर दावा करता येतो. आपल्या भागाचं पेटंट ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे. पेटंट मिळून गेल्यावर हे दार बंद होतं, म्हणून उशीर नको.

• नाव असेल आणि पेटंट मिळालं असेल, तर २०२४च्या नियमांप्रमाणे संशोधक म्हणून प्रमाणपत्र मागता येतं. फ्रेम करून आईला द्या!

आणि मैत्रिणीचं काय झालं?

तिने भांडण केलं नाही. वही काढली. रविवारी रात्री पेन्सिलने काढलेलं स्केच त्यात होतं, खाली तारीख, कोपऱ्यात चहाचा डाग. त्याचा फोटो जोडून तिने बॉसला चार ओळींचा मेल टाकला, 'एजंटशी एकदा बोलता येईल का?'

एजंट भोसरीलाच आले. टेबलावर क्लेम्सची प्रिंट ठेवली आणि एकेका वाक्यापुढे बोट ठेवून विचारत गेले, हे कुणाला सुचलं? डायरेक्टरांचं नाव पहिल्या पाच मिनिटांत गेलं. बॉसच्या बॉसचंही. बॉसचं राहिलं, कारण अलार्म किती थेंबांनंतर द्यायचा हे ठरवायची पद्धत खरंच त्याची होती. हे तिनेच सांगितलं. पहिल्या क्लेमपुढे तिचं नाव आलं.

मग एजंट सहाव्या क्लेमवर आले. क्लिपला आतून इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, म्हणजे नळी हलत नाही आणि दोन्ही सेन्सरपासून सारख्या अंतरावर राहते. हे कुणाचं?

खोलीत शांतता.

"मला आठवलं गं," ती नंतर मला म्हणाली. "वर्कशॉपमधले काका. मी त्यांना सपाट क्लिप बनवायला सांगितली होती. ते म्हणाले, ताई, सपाट नको, खाच पाडू, नाहीतर नळी लोळत राहील. मी हो म्हटलं आणि विसरूनसुद्धा गेले. माझ्या मेलमध्ये त्यांचं नाव नव्हतं. माझ्यासोबत जे झालं म्हणून मी रात्रीची तुला फोन करत होते, तेच मी त्यांच्यासोबत केलं होतं."

तिने नाव सांगितलं. काकांना बोलावलं गेलं. हाताला लागलेलं ग्रीस पुसत ते आले, कागदाकडे बघितलं आणि विचारलं, "सही कशाला? पगारातून काही कापणार का?"

नाही काका, एजंट म्हणाले. हे तुमचं डोकं आहे, त्याची नोंद करतोय.

काकांनी कागद दोनदा वाचायला लावला. मग सही केली, मराठीत, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. अर्ज त्याच आठवड्यात गेला. संशोधक या रकान्यात पुन्हा तीनच नावं आहेत. पण या वेळी ती बरोबर आहेत.